लाल उजवा, निळा डावा

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, वय झाल्यासारखं वाटतं, म्हणून पहिल्याच ओळीत म्हणून घेतलं. आता पुढचं.

पाहुणा काल घरी आला. खरं म्हणजे पोटातून यायचं होतं तेच मुळी पुढच्या आठवड्यात, पण तुमच्या घराण्याची घाई मला का ठाऊक नाही? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दोन महिने आधीच येऊन बसला, आणि मग हॉस्पिटलात त्या काचेच्या पेटीत राहून सगळ्या नर्सना कामाला लावलंन. आमंत्रणाआधी आलेल्याला पाहुणा नाही तर काय म्हणायचं? खरं नाव सावकाश ठेवू.

तुमचे बंधुराज गाडी इतकी हळू चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. दिवसभर लोकांच्या इमारतीत लिफ्टच्या खाचेत उतरून काम करणारा माणूस, पण घरात बाळ हातात घेतलं की उंबरठाही जपून ओलांडतो. काल त्यांनी जाहीर केलं की पाहुण्याला जमिनीवर ठेवायचं नाही. का, तर पडेल. जमिनीवरून कुठे पडणार, असं मी विचारलं.

तुम्ही विणलेले मोजे मिळाले. एक लाल काठाचा, एक निळ्या काठाचा. लोकर संपली होती का? वीणही अशी की करंगळी आरपार जाते. तरी घातलेत.

आता एक अट. तुम्ही बाळांच्या परीक्षा घेता हे मला माहीत आहे. पाच देशांतली, दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं कशी हलतात, कशी वळतात, त्याच्या चित्रफिती बघून गुण देता. द्या. पण माझ्या पाहुण्याला देऊ नका. दोन महिने त्याला सगळ्यांनी मोजलंय, टोचलंय, लिहून घेतलंय. तुम्ही नुसत्या आत्या व्हा. फिती मिळणार नाहीत. फोटो पाठवीन, पण झोपलेले. झोपलेलं बाळ सगळ्या देशांत पास होत असेल ना?

आणि पत्रंच लिहूया. फोनवर तुम्ही लगेच डॉक्टरीणबाई होता आणि मला बोलू देत नाही.

तुमची वहिनी

*

१९ फेब्रुवारी

वहिनी,

डॉक्टरीणबाई काय म्हणतेस गं? मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ते तुला चांगलं माहीत आहे. तुमच्या लायब्ररीत पुस्तकं अशीच लावतेस का, स्वयंपाकाचं भूगोलात?

अट मान्य. आत्या तर आत्या. पण मोज्यांची चेष्टा करायची नाही. लोकर संपली नव्हती. आमच्या इथली पद्धतच आहे ती. फितीत बाळ पालथं असो, उताणं असो, कुठला पाय कुठला ते बघणाऱ्याला लगेच कळावं म्हणून उजव्या पायात लाल, डाव्यात निळा. पाचही देशांत तसंच. फिती बघताना माझे हात रिकामे असतात, म्हणून विणते. वीण सैल येते, कारण लक्ष बाळाकडे असतं, सुयांकडे नसतं. तुझ्या पाहुण्यालाही तसेच घाल, लाल उजवा, निळा डावा. म्हणजे तोही आमच्यातलाच झाला.

दोन गोष्टी आत्या म्हणून सांगते, गुण देणारी बाई म्हणून नाही. एक, त्याचं वय ठरलेल्या तारखेपासून मोज, जन्मल्यापासून नाही. शेजारणीचं बाळ काय करतं ते बघून रडत बसू नकोस. आणि दुसरं, जागा असताना, तू समोर बसलेली असताना, त्याला थोडा वेळ पालथं ठेव. झोपवायचं उताणंच. दादाला सांग, जमीन कुणाला खात नाही. लहानपणी मला खाटेवरून ढकलून देणारा हाच माणूस! मी पडले नाही का? आणि शिकले नाही का?

फोटो बघितला. नाक दादाचं आहे. तरी चालेल.

आत्या

*

२ जून

प्रिय वन्सं,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावलात ते यांच्या फोनवरून कळलं. रागवा. इकडे रात्र कुठली आणि दिवस कुठला ते समजत नाही, आणि तुम्हाला अक्षर सुवाच्य हवं.

पाहुणा छान आहे. ओळखीचं हसतो. आमच्या घंटेसारख्या आवाजाच्या शेजारीण बोलायला लागल्या की तोंड वाकडं करतो, म्हणजे अक्कल आहे. पालथं ठेवायचं म्हणालात, मी चारदा ठेवला. चारही वेळा तो रडला, आणि तो रडायच्या आत तुमच्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उचलला. आता तो दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतो. हे कामावर निघताना मला देतात, आले की हात धुऊन माझ्याकडून घेतात. पाळीवर काम चालल्यासारखं.

परवा इथल्या केंद्रात तपासणी झाली. तिथल्या बाई, तुमच्याच जातकुळीच्या, हातात खुळखुळा आणि कागद. पाहुण्याला खूप कमी गुण मिळाले. पालथं पडून मान वर धरायची, हातांवर रेटा द्यायचा, त्यात जवळजवळ काहीच नाही. बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी परत आणा.

ही तक्रार नाही. नुसतं विचारते. तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, त्या गुणांचं कोष्टक एकाच देशातल्या बाळांवरून बनवलंय, आणि सगळ्या जगाला ते लावतात? तसंच आहे ना ते?

उत्तर लवकर द्या. मोज्यांचं कौतुक करते, हवं तर.

वहिनी

*

९ जून

वहिनी गं,

एवढंसं तोंड करून लिहिलेलं पत्र आहे ते, मला इथून दिसतंय. आधी हस बघू.

तसंच आहे! अगदी तसंच. गेली सात वर्षं मी आमच्या साहेबांशी यावरूनच भांडतेय. ते कोष्टक ज्या देशात बनलं, तिथे बाळांना खाली सोडतात, खेळवतात, पालथं घालतात. दुसऱ्या एका देशात आया त्यांना पाठीला बांधून कामं करतात. ती बाळं मान काय झकास धरतात, बसतात लवकर, पण पालथी ठेवली की भोकाड पसरतात. तिसऱ्या ठिकाणी इतकी थंडी, की बाळ म्हणजे नुसतं गाठोडं. हालचाल बघायला आधी चार थर सोडवायचे. मग सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची आणि म्हणायचं, हे मागे, ते पुढे! तुझा पाहुणा दिवसभर कडेवर. त्याला पालथ्याचे गुण कुठून मिळणार? न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेतली त्यांनी.

त्या बाईंना म्हणावं, कोष्टक जरा बाजूला ठेवा. आणि दादाला म्हणावं, बाळ खाली ठेव. सतरंजी घाल, तू स्वतः पालथा पड त्याच्यासमोर, तुझं तोंड बघायला तो मान वर करील. दादाचं तोंड बघण्यासारखं नाही, पण बाळाला अजून पर्याय माहीत नाही.

काळजी करू नकोस. आमचा पाहुणा आहे तो, त्याला काय धाड भरलीय? पुढचे मोजे विणायला घेतलेत.

आत्या

*

१८ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय. त्या केंद्रातल्या बाईंना फोन करून तुमचं सगळं म्हणणं ऐकवलं. पाच देश, गाठोडं, फूटपट्टी. त्या काहीतरी म्हणत होत्या, पण मी म्हटलं, माझ्या नणंदबाई याच कामातल्या आहेत. मग परत काही गेलो नाही. तुमच्या नावाचा असा दरारा आहे हो.

सतरंजी घातली आहे. तुमचे बंधू पालथे पडतात. पाहुणा एका हातावर रेटा देऊन मान वर करतो आणि दुसऱ्या क्षणी कलंडतो. मग दोघं एकमेकांकडे बघून हसतात. मी वर उभी राहून दोघांतलं बाळ कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करते.

मिशांची मात्र दैना झाली. पाहुण्याला समोर धरलं की तो यांच्या मिशीवरच झडप घालतो, आणि नेहमी त्याच एका बाजूच्या. यांची डावी मिशी विरळ झाली आहे, उजवी आहे तशी झुपकेदार. परवा कामावर कुणीतरी विचारलं, न्हावी अर्ध्यावर सोडून गेला का?

आणि मोजे! हसू नका. लाल मोज्याला टाचेला भोक पडलं. हा गडी आडवा पडून असा पाय घासतो, की विचारू नका. निळा मात्र कोरा करकरीत, कालच दुकानातून आणल्यासारखा. तेव्हा पुढच्या खेपेला जोडी विणायचे कष्ट घेऊ नका, नुसता लालच पाठवा. तुमची लोकर वाचेल.

वहिनी

*

२३ जुलै

वहिनी,

कालपासून तीनदा फोन केला. तू घेत नाहीस. दादा म्हणतो झोपली आहे. म्हणून हे कुरिअरने पाठवते. वाचून होईपर्यंत खाली ठेवू नकोस.

तुझं पत्र मी जेवताना वाचलं, आणि मिशीच्या जागी मोठ्याने हसले. आजूबाजूच्यांनी विचारलं म्हणून वाचून दाखवलं. मोज्यांपाशी आले आणि तिथेच थांबले. सगळे याच कामातले, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

लाल उजवा, निळा डावा. बाळाची एक बाजू दुसरीपेक्षा कमी हलते आहे का, हे बघायलाच तर आम्ही ते रंग घालतो. मिशीही तीच. समोर बसलेल्या दादाची डावी मिशी म्हणजे पाहुण्याचा उजवा हात. एवढ्या वयात बाळ डावरं किंवा उजवं नसतं गं. त्याला दोन्ही हात हवे असतात. रेटाही एकाच हातावर देतो म्हणालीस.

वहिनी, कोष्टकाबद्दल मी बोलले ते खरंच आहे. एका देशातलं बाळ लवकर बसतं, दुसऱ्यातलं उशिरा रांगतं. पण एक बाजू मागे राहिली तर "आमच्याकडे असंच असतं" असं कुठल्याच देशात म्हणत नाहीत. मी तुला गुणांची बेरीज सोडून दे म्हटलं, पण ते गुण कुठे गेले हे विचारलंच नाही. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला माझी लाज वाटते.

काय आहे ते इथे बसून मी सांगू शकत नाही, आणि कदाचित काहीही नसेल. पण बघायलाच हवं, आणि आत्ता. आत्ता सगळं कोवळं आहे, जे वळवू ते वळतं. त्या बाईंकडे जा. माझं नाव सांगून ज्यांना गप्प केलंस, त्यांच्याकडेच. त्या चांगल्या आहेत असं मला वाटतं, कारण त्यांनी परत या म्हटलं होतं.

मी आत्या आहे. परीक्षक नाही. पण जा.

*

३१ जुलै

वन्सं,

पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्यावर एवढी संतापले होते की तो फोटो, ज्यात तुम्ही माझ्या लग्नात उगाच पुढे पुढे करताय, तो भिंतीवरून काढला. अट मोडलीत. मी बाळाचा फोटो झोपलेला पाठवते आणि तुम्ही मोज्यावरून परीक्षा घेता.

मग रात्री हे म्हणाले, "तुला माहीत होतं का?" आणि मी खोटं बोलू शकले नाही.

मला माहीत होतं. मोजे मीच धुते. पहिल्या तपासणीतच त्या बाई म्हणाल्या होत्या, "डाव्या बाजूकडे जरा लक्ष द्यायला हवं." तेवढंच वाक्य मी तुम्हाला लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. तुमच्याकडून "काळजी करू नकोस" हवं होतं, आणि ते वाक्य लिहिलं तर तुम्ही ते म्हणणार नाही हे मला कळत होतं. मोज्याचं मात्र राहवेना. गंमत म्हणून लिहिलं. वाटलं, तुम्ही हसलात तर मग काही नाही. तुम्ही हसावं म्हणून मी ते पत्र दोनदा लिहून काढलं हो.

काल गेलो. मला वाटलं बाई टोमणा मारतील, नणंदबाई काय म्हणतात म्हणून. त्यांनी आधी पाहुण्याला हसवलं, मग मला पाणी दिलं. डॉक्टरांनीही बघितलं. डावा हात आणि डावा पाय कमजोर आहेत. जन्माच्या सुमाराला मेंदूच्या एका बाजूला इजा झाली असावी, म्हणाले. त्याला एक लांबलचक नाव आहे, ते तुम्हाला माहीत असेल, मला लिहायचं नाही. चालेल म्हणतात. उशिरा, थोडा लंगडत कदाचित, पण चालेल. हात दुसऱ्याइतका चलाख होईलच असं नाही, पण आता कामाला लावला तर पुष्कळ फरक पडेल.

मी गाडीत रडले. हे गाडी थांबवून रडले. पाहुणा मागे बसून लाळ गाळत होता.

बाईंनी एक खेळ दिलाय. रोज थोडा वेळ त्याच्या उजव्या हाताला मऊ मोजा घालायचा, म्हणजे खेळणं घ्यायला डाव्याला पुढे यावं लागतं. तो घाबरू नये म्हणून हसतखेळत, आणि त्याला कंटाळा आला की लगेच थांबायचं. घरात कोरा मोजा कुठला होता ते सांगायला नको. निळा कामाला आला.

फोटो परत लावलाय. तुम्ही अजूनही पुढे पुढे करताय त्यात.

वहिनी

*

६ ऑगस्ट

वहिनी,

मीही रडले. झालं, सगळ्या खानदानाचं रडून झालं. आता कामाला लागा.

तू लपवलंस म्हणून मी रागवावं, तर मी विचारलं नाही त्याचं काय? "आपला तो बाब्या" ही म्हण मी आमच्या साहेबांना कितीदा ऐकवली असेल, त्यांच्या देशातल्या कोष्टकावरून! काल त्यांनी मला तीच परत ऐकवली, आणि वर माझ्यासाठी चहा आणला. मला उलट बोलता आलं नाही. असा प्रसंग प्रथमच आला, त्यांनी तारीख लिहून ठेवली असेल.

पुढच्या महिन्यात रजा मिळाली आहे, येते. त्या बाई काय शिकवतात ते बघीन आणि मध्ये तोंड घालणार नाही. तू हसतेस ते कळतंय मला. खरंच घालणार नाही. दादाला सांग, डाव्या बाजूने हाक मार, खुळखुळा डावीकडून दे, झोपवताना उजेड डावीकडे येईल असं बघ. आणि मिशी वाढव. भरपूर. बाळाच्या डाव्या हाताला लोंबकळायला काहीतरी हवं.

तोवर फिती पाठवशील? पाठवलीस तर गुण देणार नाही. नुसती बघीन.

आत्या

*

१२ डिसेंबर

प्रिय वन्सं,

तुम्ही जाऊन दोन महिने होऊन गेले आणि घर अजून शिस्तीत आहे, एवढा तुमचा धाक. "मध्ये तोंड घालणार नाही" म्हणून आलेली बाई पहिल्याच दिवशी केंद्रात जमिनीवर आडवी पडून बाईंशी वाद घालत होती, ते मी विसरलेले नाही. बाई मात्र रोज विचारतात, तुमच्या नणंदबाई परत कधी येणार? लोकांची आवड आपल्या हातात नसते.

फिती पाठवल्या आहेतच, पण त्यात दिसत नाही ते लिहिते.

पाहुणा सरपटतो. रांगणं म्हणवत नाही त्याला, तिरका तिरका जातो, उजवा हात ओढतो आणि डावा मागून येतो. पण येतो. सतरंजीवरून निघाला की सगळ्या खोलीभर जातो, आणि ज्या माणसाने जमीन बंद केली होती तो त्याच्यामागे गुडघ्यांवर फिरतो, "चल, चल, पुढचा मजला," म्हणत. यांच्या पँटचे गुडघे गेले. बाई म्हणतात चांगलं चाललंय. खूप काम आहे अजून, हेही म्हणतात. दोन्ही मला ऐकू येतं आता.

मोज्याचा खेळ रोज होतो. पहिले दिवस डावा हात मूठ आवळून नुसता पडून राहायचा, आणि मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. हे खेळत बसायचे. गेल्या आठवड्यात हे मोठ्याने ओरडले. मी हातातलं भांडं टाकून धावत आले. वाटलं, पडला.

पडला नव्हता. हे समोर बसलेले, पाहुण्याच्या उजव्या हातावर तुमचा निळा मोजा, आणि डाव्या हाताच्या मुठीत यांची उजवी मिशी. गच्च. ओढतोय आणि हसतोय. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखतंय म्हणून, असं त्यांचं म्हणणं. सोडव म्हणाले. मी नाही सोडवलं.

या पाकिटात एक मोजा घातला आहे, हातावरच्या खेळातला नव्हे, तुमच्या नव्या जोडीतला, पायातला. टाच बघा. काल धुताना दिसलं. मी तो तसाच ओला हातात घेऊन यांना दाखवायला गेले, आणि शेजारणीलाही दाखवला. त्यांना काही कळलं नाही, फाटका मोजा घेऊन ही बाई नाचते का म्हणून बघत राहिल्या. तुम्हाला कळेल. पूर्वी मी नुसता लाल पाठवा म्हटलं होतं, ते विसरा.

वन्सं, निळ्यालाही भोक पडलं हो. आता जोडी पाठवा.

तुमची वहिनी